एकशे एकतीस किलोंचा नवस

चंद्रप्रकाश तावडे यांच्या आयुष्यातले बहुतेक निर्णय दुसऱ्यांनी घेतले होते. नोकरी मामाने लावली, लग्न आईने जुळवलं, बोरिवलीतला दुसऱ्या मजल्यावरचा ब्लॉक बायकोने पसंत केला आणि मिशीचा आकार कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याने परस्पर ठरवून टाकला. त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. ही माणसं नसती तर आपण अजून बेकार, अविवाहित आणि बिनमिशीचे असतो हे त्यांना मनापासून मान्य होतं. म्हणूनच शेहेचाळिसाव्या वर्षी त्यांनी जेवणाच्या टेबलावर 'मी पोटाचं ऑपरेशन करून घेणार' असं जाहीर केलं, तेव्हा घरात ऑपरेशनचा धक्का कमी आणि त्यांनी काही ठरवल्याचा जास्त बसला.

वजन होतं एकशे एकतीस किलो. हा आकडा वाचकांनी नीट लक्षात ठेवावा, कारण पुढे साक्षात देवाने तो लक्षात ठेवला. या वजनासोबत शुगरच्या चार गोळ्या, प्रेशरच्या दोन आणि झोपताना नाकावर लावायचं एक मशीन असा लवाजमा होता. मशीन नसेल त्या रात्री त्यांचं घोरणं भिंतीपलीकडे राहणाऱ्या हितेशभाईंना ऐकू जायचं. हितेशभाई सोसायटीचे सेक्रेटरी असल्यामुळे ते घोरण्याचीही नोंद ठेवायचे.

डॉक्टर शर्मिष्ठा यांनी कागदावर जठराचं चित्र काढलं, त्यावर एक उभी रेघ मारली आणि मोठा भाग खोडून टाकला. उरली केळ्याएवढी एक नळी. एवढंच पोट ठेवायचं, बाकीचं काढून टाकायचं. दुर्बिणीतून करतात, चार-पाच बारीक भोकं पडतात, तिसऱ्या दिवशी घरी. ही जादू नाही, असंही त्यांनी बजावलं. खाणं बदललं नाही तर दोन-चार वर्षांत वजन परत येतं, केस गळतात, जन्मभर व्हिटॅमिनच्या गोळ्या घ्याव्या लागतात आणि गोड खाल्लं तर घाम फुटून आडवं व्हायची वेळ येते. चंद्रप्रकाशनी सगळं ऐकून मान डोलावली. त्यांच्या मनात एकच प्रश्न होता, तो म्हणजे हे कोणाला कळेल का.

कारण त्यांचा खरा निर्णय हा दुसरा होता. ऑपरेशनबद्दल कोणालाही सांगायचं नाही. गेली वीस वर्षं मंगलदीप सोसायटीने त्यांना फुकट सल्ले दिले होते. हितेशभाईंनी गरम पाण्यात लिंबू सांगितलं. त्यांच्या पत्नी भाविकाबेन यांनी संध्याकाळी सहानंतर तोंडाला कुलूप सांगितलं. तळमजल्यावरच्या आजोबांनी उलटं चालायला सांगितलं आणि ते करताना चंद्रप्रकाश तुळशीच्या कुंडीत बसले. अलीकडे कोणाच्या तरी साडूने वजन उतरवायचं आठवड्याचं इंजेक्शन सुरू केल्यापासून लिफ्टमध्ये त्याचीही चर्चा होती. पण ऑपरेशनचा विषय निघाला की सगळ्यांचं एकमत व्हायचं. आपल्या एका चुलतभावाबद्दल हितेशभाई सर्वांसमक्ष म्हणाले होते, "त्यात काय मोठं केलं? कापून घेतलं ने आला. मेहनत कुठे हाय?" ते वाक्य चंद्रप्रकाशच्या मनात रुतून बसलं होतं. आयुष्यात एकदा तरी या लोकांनी आपल्याकडे बघून आदराने गप्प बसावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ते कापून घेऊन आल्याचं कळलं असतं तर ती इच्छा कायमची बुडाली असती.

म्हणून ठरलं की बाहेर सांगायचं हर्निया.

विमा कंपनीला मात्र हर्निया सांगून चालणार नव्हतं. तिथून पत्र आलं की, इतर मार्गांनी वजन कमी करण्याचे प्रयत्न केल्याचा आणि ते निष्फळ ठरल्याचा पुरावा जोडावा. माणसाने आयुष्यभर निष्फळ ठरावं आणि ऐन वेळी त्याचा कागद जवळ नसावा, ही परिस्थिती फार केविलवाणी असते. चंद्रप्रकाश आपल्या जुन्या जिममध्ये गेले. तिथला मॅनेजर म्हणाला की, आमच्याकडे कोणी निष्फळ ठरत नाही आणि तसं लेटरहेडवर लिहिणं धंद्याला बरं नाही. तीन खेपा घातल्यावर त्याने लिहून दिलं, 'सदर गृहस्थ चार दिवस आले होते. चारही दिवस बसून गेले.' चंद्रप्रकाशना तो मजकूर झोंबला, पण विमा कंपनीला तो एवढा पटला की मंजुरी दोन दिवसांत आली.

आता अंजनाबाईंबद्दल सांगायला हवं. चंद्रप्रकाशची आई. वय चौऱ्याहत्तर, उंची बेताची आणि अंगावर मांस नावाला. हॉस्पिटलात चंद्रप्रकाशचं वजन करून झाल्यावर काटा रिकामा दिसला म्हणून नर्सने गंमतीत आजींनाही उभं केलं, तर एकोणचाळीस किलो भरलं. नर्सने आईकडे बघितलं, मग मुलाकडे बघितलं आणि वहीत नाव परत तपासून घेतलं.

या फरकामागे इतिहास होता. चंदू लहान असताना वडिलांची गिरणी बंद पडली. दहिसरच्या नदीकाठच्या चाळीत त्या दिवसांत जेवणाची वेळ झाली की अंजनाबाई मुलाच्या पानात दोघांचं वाढायच्या आणि स्वतः म्हणायच्या, "माजा पोट भरला." पुढे चंदूला नोकरी लागली, बोरिवलीत ब्लॉक झाला, फ्रीजमध्ये सुरमई राहू लागली, तरी त्यांचं ते वाक्य आणि तो हात काही बदलला नाही. सून नेत्रा बिचारी कॅलरी मोजून चपात्या करायची आणि सासूबाई त्यावर न मोजता तूप सोडायच्या. मुलगा जेवला की आईचं जेवण होतं, हे त्यांचं साधं गणित होतं. अशा बाईला 'तुमच्या मुलाचं पोट कापून टाकणार' हे सांगायचं म्हणजे काय, याची कल्पना करून बघा.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी त्या एकट्या रिक्षाने दहिसरला गेल्या. जुन्या चाळीत गाववाल्यांनी रवळनाथाचं छोटं देऊळ बांधलेलं आहे. तिथे त्यांनी डोकं टेकून नवस केला की, माझा झील, माझा लेक, त्या टेबलावरून सुखरूप उठला तर त्याच्या वजनाएवढा गूळ तुला वाहीन. मग त्या हॉस्पिटलात येऊन बसल्या. चंद्रप्रकाश सुखरूप उठले. नवसाचं मात्र त्यांना तिसऱ्या दिवशी घरी आल्यावर कळलं.

"आये, गूळ?" ते क्षीण आवाजात म्हणाले. मधुमेही माणसाच्या वजनाइतका गूळ, यात त्यांना देवाचीही थोडी गंमत वाटली.

नवस लगेच फेडायचा असतो, पण संसारी माणसाला लगेच काही करता येत नाही. पहिला महिना पातळ पदार्थांचा. औषधाच्या झाकणाने पाणी प्यायचं, मग पेजेचं निवळ, मग डाळीचं पाणी. त्यानंतर गणपती आले, मग पितृपक्ष लागला, मग गावी चुलते वारले म्हणून सुतक आलं. सुतक फिटलं तेव्हा देवळाचे गुरव दशरथकाका जत्रेसाठी गावाला निघून गेलेले. असे सात महिने गेले, आणि या सात महिन्यांत चंद्रप्रकाश रोज थोडे थोडे नाहीसे होत होते.

सुरुवातीला हर्निया छान चालला. हर्नियावरही सोसायटीत जाणकार होतेच. तळमजल्यावरच्या आजोबांनी लिफ्टमध्ये सदरा वर करून स्वतःचा टाका दाखवला आणि चंद्रप्रकाशचा बघायला मागितला. पण दुसऱ्या महिन्यात शुगरच्या गोळ्या बंद झाल्या, तिसऱ्यात नाकाचं मशीन माळ्यावर गेलं, चौथ्यात केस गळायला लागले आणि गालांच्या जागी गाल होते एवढंच उरलं. हर्नियात माणूस तीस किलो उतरतो हे कोणाला पटेना. शिवाय घोरण्याचा आवाज बंद झाल्यामुळे भाविकाबेनना भिंतीपलीकडून काळजी वाटू लागली. सोसायटीने आपापसात विचारविनिमय करून निदान केलं की, तावडेंना काहीतरी मोठं झालंय आणि घरचे लपवतायत.

मग ते खाली उतरले की बाकावरचे लोक बोलणं थांबवायचे. आदराने गप्प बसावं ही त्यांची इच्छा अशी भलत्याच मार्गाने पूर्ण झाली. भाविकाबेन डबे पाठवू लागल्या. पार्किंगचं जुनं भांडण मिटलं, समोरचा सभासद स्वतःहून गाडी बाजूला लावू लागला. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाचा मान चंद्रप्रकाशना देण्यात आला. हितेशभाईंनी भाषणात त्यांच्याबद्दल बरंच चांगलं सांगितलं, पण सगळं भूतकाळात. "तावडेसाहेब बहु सारा, एकदम भला माणूस होता," असं म्हणून त्यांनी हात जोडले आणि शेजारी उभ्या असलेल्या तावडेसाहेबांना काय चेहरा करावा ते कळेना.

चेहऱ्याची पंचाईत ऑफिसातही झाली. अंधेरीच्या त्यांच्या कचेरीत हजेरीसाठी चेहरा ओळखणारं यंत्र होतं. एका सोमवारी ते यंत्र म्हणालं, 'व्यक्ती अनोळखी आहे.' चंद्रप्रकाशनी गाल फुगवून बघितले. दोन-तीन वेळा यंत्र फसलं, मग फसेना. आस्थापना विभागाने त्यांना गैरहजर लावून, आपण स्वतःच आहोत असं प्रतिज्ञापत्र आणायला सांगितलं. नोटरीने आधार कार्डावरचा फोटो बघितला, समोरचा माणूस बघितला आणि विचारलं, मोठा भाऊ का? बावीस वर्षं एकाच खुर्चीत बसलेल्या माणसाला हे ऐकावं लागणं बरं नाही. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी परतताना चंद्रप्रकाश मनातून खूश होते. ते स्टेशनचा जिना न थांबता चढले होते.

घरात मात्र एक माणूस खूश नव्हतं. तीन चमचे खाल्ले की चंद्रप्रकाश हात वर करायचे आणि अंजनाबाई वाटीतल्या उरलेल्या घासांकडे बघत राहायच्या. चंदूने पानात टाकलं, ही गोष्ट त्यांच्या हयातीत पहिल्यांदा घडत होती. त्या रागावत नव्हत्या, नुसत्या उठून ओट्यापाशी जायच्या आणि आधीच घासलेली भांडी परत घासायच्या. आता आपण याच्या काय उपयोगाचे, असं त्यांच्या मनात येत असणार. चंद्रप्रकाशना ते कळत होतं, पण त्यावर बोलायचं कसं हे कळत नव्हतं.

फेब्रुवारीत दशरथकाका गावाहून परत आले आणि नवसाचा विषय निघाला. तेव्हा चंद्रप्रकाशचं वजन भरलं एक्याण्णव. नेत्रा म्हणाली, बरंच झालं, एक्याण्णव किलो गूळ आणू. अंजनाबाईंनी मान हलवली. "देवाकडे मागलंय तेव्हा तो एकशे एकतीस होतो. देवान तितको परत दिल्यान. आता कमी खंयचो दितंस?" नेत्राचं म्हणणं, नवसात 'त्याच्या वजनाएवढा' असं होतं, तारीख नव्हती. नवस बोलताना तारीख घालायला हवी, ही गोष्ट एरवी कोणाला सुचेल? कारण एरवी माणसाचं वजन नवस फिटेपर्यंत चाळीस किलोंनी हलत नाही.

अशा वेळी आमच्या कोकणात थेट देवालाच विचारतात. दशरथकाकांनी देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवून कौल लावला. उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. आताचं वजन चालेल का असं विचारताच डावी पाकळी टपकन पडली. त्या दिवसाचं वजन लागेल का, तर उजवी. नेत्राने पंखा बंद करून परत लावायला सांगितलं, पण देवाचं मत बदललं नाही.

चंद्रप्रकाशच्या पोटात गोळा आला, आणि आता तिथे गोळ्यालाही जागा बेताची होती. नवस फेडायचा म्हणजे तुलाभार, देवळात तागडीत बसायचं. एका पारड्यात एकशे एकतीस किलो गूळ आणि दुसऱ्यात एक्याण्णव किलोंचे ते. आंधळ्यालाही फरक दिसला असता आणि चाळीस किलो गेले कुठे, असं कोणीतरी विचारलं असतं. त्यांनी ठरवलं की घरच्या घरी, कोणालाही न सांगता जाऊन यायचं.

पण गूळ लपवता येत नाही. दहा-दहा किलोंच्या तेरा मोठ्या ढेपा आणि वर किलोची एक छोटी, असा माल टेंपोतून उतरला तेव्हा अर्धी सोसायटी गॅलरीत होती. देवळातल्या कोठीची दुरुस्ती चालली होती म्हणून ढेपा आठ दिवस घरातच ठेवाव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी मुंग्या आल्या. त्या जिन्याने आल्या, ड्रेनेजच्या पाइपाने आल्या आणि जाता-येता हितेशभाईंच्या देव्हाऱ्यातही डोकावल्या. चौथ्या दिवशी लेखी नोटीस आली की, राहत्या सदनिकेत सुमारे एक अष्टमांश टन गुळाचं गोदाम चालवल्याचं निदर्शनास आलं असून सात दिवसांत खुलासा करावा.

खुलासा चंद्रप्रकाशनी तयार केला होता, पण त्याआधी अंजनाबाईंनी तो लिफ्टमध्ये करून टाकला. झीलाच्या ऑपरेशनचा नवस आसा, रविवारी दहिसरला तुलाभार आसा, सगळ्यांनी या. सोसायटी गहिवरली. शेवटचं देवदर्शन असेल बिचाऱ्याचं, असं म्हणून हितेशभाईंनी नोटीस मागे घेतली आणि स्वखुशीने मिनी बस ठरवली.

आता काय करावं? चंद्रप्रकाशनी गुपचूप दशरथकाकांना गाठलं, हर्नियासकट सगळं सांगितलं आणि विचारलं की, चाळीस किलो आधीच देवापुढे ठेवून बाकीचा तोलला तर? काका म्हणाले, नवस एकरकमी असतो, हप्ते चालत नाहीत. मग त्यांना जिमच्या काळात आणलेले डंबेल आठवले. ते कमरेला बांधून वर सैल झब्बा घालायचा. शनिवारी त्यांनी आरशासमोर तालीमही केली, त्यात एक डंबेल पायावर पडला. रविवारी सकाळी देवळात पोचल्यावर काकांनी हातात पीतांबर दिलं आणि सांगितलं, सोवळ्यात बसायचं, अंगात काही नको.

देवळाच्या मांडवात लोखंडी तुळईला भली मोठी तागडी टांगली होती. ती लाकडाच्या वखारीतून आणलेली होती आणि एकशे एकतीस किलोंच्या माणसासाठी म्हणून मुद्दाम रुंद पारडी लावली होती. एका बाजूला गाववाले, दुसऱ्या बाजूला मंगलदीप सोसायटी. उघड्या अंगाने, सैल पडलेल्या कातडीची लाज वाटत, लंगडत चंद्रप्रकाश पारड्यात मांडी घालून बसले. समोरच्या पारड्यात ढेपा चढू लागल्या. आठ ढेपांपर्यंत ते जमिनीवर होते. नववीला ते थोडे हलले. दहावी चढली आणि ते उचलले गेले. तेरावी आणि वरची छोटी चढेपर्यंत ते साडेतीन फूट वर जाऊन दिव्यांच्या माळेपाशी स्थिरावले. खाली कोणीतरी 'थांबवा, थांबवा' म्हणत होतं. ते बहुतेक हितेशभाई होते.

सगळं तेवढ्यावर भागलं असतं. हिशेब चुकला म्हणता आलं असतं. पण नवस फेडताना गुरवाला गाऱ्हाणं घालावं लागतं आणि गाऱ्हाण्यात देवापुढे सगळी हकीकत जशीच्या तशी मांडावी लागते. देवाला अर्धवट माहिती देऊन चालत नाही. दशरथकाकांनी डोळे मिटले आणि हातात माइक घेतला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," गाववाले एका सुरात म्हणाले.

"ह्यो तुझो लेकरू चंद्रप्रकाश, खाऊन खाऊन एकशे एकतीस किलोचो झाललो."

"व्हय म्हाराजा."

"दाक्तरीण बायकडे जाऊन तेणी आपल्या पोटाची पिशवी कापून घेतल्यान आणि लोकांका हर्निया म्हणान सांगल्यान."

"व्हय म्हाराजा," गाववाले म्हणाले, आणि ओघात सोसायटीही म्हणाली.

"तो आज एक्याण्णव किलोचो होऊन तुझ्या दारात लोंबाकळता. तेची काय चूकभूल झाली आसात ती पदरात घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

लाउडस्पीकर नदीपलीकडच्या टॉवरपर्यंत ऐकू जात होता. वीस वर्षांची अब्रू एका मिनिटात दहिसरभर झाली होती. चंद्रप्रकाशनी वरून खाली बघितलं. सगळी सोसायटी माना वर करून उभी होती. आता हसतील, असं त्यांना वाटलं. पण भाविकाबेन डोळे पुसत होत्या, कारण माणूस मरत नाहीये हे त्यांना आत्ता कळत होतं. आजोबा टाळ्या वाजवत होते. आणि हितेशभाई स्वतःच्या पोटावर हात ठेवून मनात कसली तरी वजाबाकी करत होते. चंद्रप्रकाशना एकाएकी फार हलकं वाटलं, आणि ते वर लटकल्यामुळे नव्हतं.

पण नवस फिटला नव्हता. दांडी सरळ झाल्याशिवाय नवस फिटत नाही. मंडळींनी सूचना सुरू केल्या. कोणी म्हणालं गूळ उतरवा, तर अंजनाबाईंनी ढेपांवर हात ठेवला. कोणी म्हणालं याच्या पारड्यात दगड टाका, तर काका म्हणाले देवासमोर माणसाच्या जोडीला धोंडा कसा बसवायचा. कोणाला तागडीचाच दोष दिसला. चंद्रप्रकाश माळेतल्या दिव्यांची उघडझाप बघत बसले होते.

अंजनाबाईंनी चपला आधीच काढलेल्या होत्या. त्यांनी पदर खोचला आणि चौघा गाववाल्यांना पारडं खाली ओढायला सांगितलं. पारडं खाली आलं. त्या त्यात चढल्या आणि मुलाच्या शेजारी, रिकाम्या राहिलेल्या जागेत, मांडी घालून बसल्या. दशरथकाका गडबडले. हे कौलात नव्हतं.

"ह्येच्या अंगार जां चढला तां माज्याच पानातला," अंजनाबाई शांतपणे म्हणाल्या. "कमी पडता तां मिया भरतंय. सोडा."

चौघांनी हात सोडले. दांडी करकरली, वर गेली, खाली आली आणि जवळजवळ सरळ झाली. तिळभर उणी होती. काकांनी भानावर येऊन अंजनाबाईंच्या ओटीत नारळ आणि ओंजळभर तांदूळ घातले. दांडी थरथरली आणि स्थिर झाली.

चंद्रप्रकाशनी तोल जाऊ नये म्हणून आईच्या खांद्याला धरलं आणि त्यांच्या हाताला नुसतं हाड लागलं. या खांद्याला आपण किती वर्षांत हात लावला नाही, ते त्यांना आठवेना. सात महिन्यांत त्यांच्या अंगावरून जवळपास एक अख्खी आई उतरली होती. हे सगळं तिने स्वतःच्या तोंडचं काढून वर्षानुवर्षं आपल्यावर चढवलं होतं. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. उघड्या अंगाने साडेतीन फूट लटकून झालेल्या माणसाला लपवण्यासारखं काही उरत नाही.

"रडा नको," अंजनाबाई पुटपुटल्या, "दांडी हलतली."

प्रसाद वाटताना हितेशभाईंनी चंद्रप्रकाशना मांडवाच्या मागे नेलं. इकडेतिकडे बघून त्यांनी खालच्या आवाजात डॉक्टरीणबाईंचा नंबर मागितला. स्वतःचं वजन एकशे बारा असल्याचंही त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं. "पण चंदुभाई, एक रिक्वेस्ट," ते म्हणाले, "कोणाला बोलायचं नाय. सोसायटीत आपण हर्निया सांगू." चंद्रप्रकाशनी त्यांना नंबर दिला, आणि जिमच्या मॅनेजरला आत्ताच भेटून ठेवा असा सल्लाही दिला. मंगलदीप सोसायटीतल्या कोणाला त्यांनी दिलेला हा पहिलाच सल्ला.

बुधवारी घरात सुरमई आली. नेत्राने वाढलं. चंद्रप्रकाशनी आपली छोटी वाटी पुढे ओढली, एक लहानसा तुकडा खाल्ला, थोडा भात खाल्ला आणि हात वर केला. अंजनाबाई नेहमीप्रमाणे उठायला लागल्या. चंद्रप्रकाशनी ताटलीतली उरलेली मधली जाड तुकडी उचलली आणि आईच्या पानात ठेवली.

"माजा पोट भरला," अंजनाबाई म्हणाल्या.

"इतक्यान काय होता," चंद्रप्रकाश म्हणाले. "खा गो आये."

अंजनाबाईंनी थोडा वेळ त्या तुकडीकडे बघितलं. मग त्या परत बसल्या, आणि एकेक काटा काढत त्यांनी ती सावकाश सगळी खाल्ली.